गल्लीला आधी कळू द्या

माझा धंदा छपाईचा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल आणि दुकानांची पत्रकं. त्यामुळे पत्रकं कमी छापा असं मीच सांगायला लागलो तर घरची मंडळी कपाळावर हात मारून घेतील. तरीही छोटा धंदा करणाऱ्या तुम्हा सगळ्यांना, म्हणजे खानावळवाल्या ताईंना, शिंप्याला, सायकल दुरुस्तीवाल्याला, घरी मसाले करणाऱ्या बचत गटाला, माझी कळकळीची विनंती आहे. जाहिरातीवर पैसे घालण्याआधी एवढंच बघा, की चालत पाच-दहा मिनिटांवर राहणाऱ्या माणसांना तुमचा धंदा नीट माहीत आहे का. बहुतेकदा नसतो. समोरच्या इमारतीतल्या बाईंना ठाऊकच नसतं की तुम्ही फॉल-पिको करून देता. त्या साडी घेऊन रिक्षाने बाजारात जातात, आणि तुम्ही इकडे मोबाइलवरून शहरभर जाहिरात करून देणाऱ्या कुणाला तरी महिन्याचे पैसे भरत असता.

नवं दुकान निघालं की मालक माझ्याकडे मजकूर घेऊन येतो. वर ॥ श्री ॥. त्याखाली 'सुवर्णसंधी' तीनदा, दर वेळी एक उद्गारचिन्ह वाढवून. मग 'आमचे येथे' पासून सुरू होणारी पंधरा-वीस कामांची यादी, 'उत्कृष्ट दर्जा, माफक दर', 'एकदा अवश्य भेट द्या', तीन मोबाइल नंबर आणि पत्ता 'बसस्टँडजवळ'. स्टँडला चार बाजू आहेत, त्यातली कुठली ते वाचणाऱ्याने ओळखायचं. दुकान कधी उघडतं, कोणत्या वारी बंद, निदान एखाद्या वस्तूचा भाव काय, यातलं अक्षर नाही. माफक दर तर सगळ्यांचेच असतात. 'आम्ही जादा दर घेतो' असं छापून घेणारं गिऱ्हाईक माझ्याकडे कधी आलेलं नाही.

पोळी-भाकरी करून देणाऱ्या एका ताईंचा मजकूर असाच आला होता. आम्ही तो सगळा खोडला आणि पुन्हा लिहिला. 'ज्वारीची भाकरी, तांदळाची भाकरी, घडीची पोळी. सकाळी ९ पर्यंत सांगा, दुपारी १२ ला तयार. संध्याकाळचं दुपारी ४ पर्यंत सांगा. पुरणपोळी फक्त शनिवारी, आदल्या दिवशी सांगून. सोमवारी बंद. दत्तमंदिरामागे, पिठाच्या गिरणीच्या वर, जिन्यापाशी पाटी आहे.' त्याखाली भाव, आणि एकच नंबर, जो त्या स्वतः उचलतात. 'घरगुती चव' हे दोन शब्द त्यांना फार हवे होते. मी म्हटलं, ताई, ते खाणाऱ्याला म्हणू दे. त्यांना काही ते पटलं नव्हतं, पण शेवटी काढले. हजाराऐवजी दोनशेच प्रती छापल्या.

दोनशे का, ते सांगतो. पेपरात घातलेल्या पत्रकाचं काय होतं हे पेपर उघडणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ते आधी घसरून जमिनीवर पडतं आणि नशीब चांगलं असेल तर तेलाच्या बरणीखाली घालायला कामी येतं. दारात जाऊन हातात दिलेल्या पत्रकाचं तसं होत नाही. दोनशे घरं म्हणजे चार-पाच इमारती आणि एखादी चाळ. रोज संध्याकाळी थोडी थोडी केली की होतात. 'मी मागच्याच गल्लीत राहते, भाकरी करून देते' एवढंच बोलायचं आणि कागद द्यायचा. घ्याच, एकदा खाऊन बघाच, असा आग्रह नको. पहिल्या दोन-तीन दारांपर्यंत लाज वाटते. पुढे कुणीतरी पाणी विचारतं, कुणी 'आमच्या सासूबाईंना मऊ भाकरी लागते, जमेल का' असं विचारतं, आणि तोंड उघडतं. कोणत्या घराने काय विचारलं ते घरी आल्यावर वहीत टिपून ठेवा. लोकांना काय हवंय ते त्या वहीत सापडेल, आणि त्यासाठी कुणाला पैसे मोजावे लागणार नाहीत.

पत्रक भिंतीवर लावायचं असेल तर माझं सरळ मत असं, की लोक जिथून जातात तिथे लावू नका, लोक जिथे थांबतात तिथे लावा. सलूनमधला बाक, रेशनची रांग, दवाखान्यात नंबर लागेपर्यंतचा अर्धा तास, रिक्षा स्टँड, इस्त्रीवाल्याचं टेबल. यात मी पहिला नंबर पिठाच्या गिरणीला देतो. डबा रांगेत लावून उभा असलेला माणूस भिंतीवरचं सगळं वाचून काढतो, अगदी 'दळण तपासून घ्यावे, नंतर तक्रार चालणार नाही' हेसुद्धा दोनदा. शिवाय गिरणीत कोण काय दळायला आणतं यावरून त्या भागातल्या घरांत काय शिजतं हे कळतं. उपासाची भाजणी दळायची तर आधी जातं साफ करावं लागतं, म्हणून बऱ्याच गिरण्यांत तिचा वार किंवा वेळ ठरलेली असते, आणि आषाढी, नवरात्र, महाशिवरात्रीच्या आधी ती फळ्यावर येते. उन्हाळ्यात मिरचीच्या कांडपाला रांग लागते. ब्याडगी रंगाला किती घ्यायची आणि लवंगी तिखटाला किती, यावर त्या रांगेत तासतासभर चर्चा चालते, सगळ्या जणी शिंकत असताना.

मसाले करणाऱ्या गटाने या रांगेत उभं राहिलं नाही तर उभं राहायचं कुठे? गिरणीवाल्या काकांना विचारून तिथे एक छोटा फळा टांगा. ते भाडं मागणार नाहीत बहुधा, पण फुकटही घेऊ नका. तुमच्या मसाल्याच्या प्रत्येक पुडीवर 'अमुक गिरणीत कांडलेला' असं छापा. वजन, तयार केल्याची तारीख आणि एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांक तर घालायचाच आहे, त्यात ही एक ओळ आणखी. गिरणीचं नाव चार घरी जास्त जाईल, आणि 'गिरणीत कुणाचा मसाला चांगला मिळतो हो' असं कुणी विचारलं की काकांचा हात आपोआप तुमच्या फळ्याकडे जाईल.

फळा म्हणतोय तो खडूचाच. छापील कागद चार दिवसांत नजरेला दिसेनासा होतो, भिंतीचाच भाग होऊन जातो. खडूने लिहिलेलं रोज बदललं तर रोज वाचलं जातं. मंडळांचे चौकातले वार्ताफलक याच जोरावर चालत आले. काही ठिकाणी अजून चालतात. खानावळीने आजची भाजी लिहावी. सायकलवाल्याने 'शाळा सुरू होतेय, ब्रेक तपासून देतो, पैसे नाहीत' असं जूनमध्ये लिहावं. लिहिणं रोज जमणार नसेल तर मात्र फळा लावू नका. गेल्या मंगळवारची भाजी शनिवारपर्यंत फळ्यावर राहिली, की वाचणारा तुमच्या भाजीबद्दलही तोच अंदाज बांधतो.

दुकानावरची पाटी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, तेव्हा इथे जरा लांबण लागेल. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर सगळ्याच दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली; त्याआधी दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानं त्यातून सुटत होती. मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, अशीही अट आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. पाटी बदलायचीच आहे तर ती धंद्याच्या कामाची करून घ्यावी, असं फार थोड्यांच्या मनात आलं. बाकीच्यांनी 'अमुक-तमुक एंटरप्रायझेस' हेच देवनागरीत लिहून घेतलं. आत नळाचे पाइप मिळतात की वाढदिवसाचे फुगे, ते देव जाणे.

नाव लहान असू द्या, काम मोठं लिहा. 'मिक्सर, पंखा, कुकर दुरुस्ती' हे रस्त्यापलीकडून दिसलं पाहिजे. मालकाच्या मुलाचं नाव जवळ आल्यावर दिसलं तरी चालेल. पाट्या करणारे एक साधा हिशेब धरतात: दर दहा फुटांना अक्षराची उंची एक इंच. चाळीस फुटांवरून सहज वाचता यायला हवं तर अक्षर चार इंच. आपल्या लिपीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणून हे चार इंच शिरोरेषेपासून खाली अक्षराच्या पायापर्यंत मोजा, आणि दोन ओळींत भरपूर जागा सोडा. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि लांबून नुसतं जाळं दिसतं. फार तर तीन ओळी, दोन रंग. गावात हाताने पाटी रंगवणारा पेंटर अजून असेल तर काम त्यालाच द्या. त्याची पाटी फ्लेक्सपेक्षा जास्त पावसाळे काढते, आणि रंगवताना तो दोन दिवस शिडीवर असतो तेव्हा येणारा-जाणारा प्रत्येक जण 'काय निघतंय इथे' असं त्याला विचारून जातो.

फ्लेक्सबद्दल बोलायचं तर १३ मे २०२४ ची घाटकोपरची घटना तुम्ही विसरला नसाल. वादळी वाऱ्यात जाहिरातीचा अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसांचा जीव गेला. तुमचा चार बाय सहाचा फ्लेक्स कुठे आणि तो कुठे, हे खरं. पण विजेच्या खांबाला तारेने आवळलेला, झाडाला खिळे ठोकून लावलेला, वळणावर समोरून येणारी गाडी दिसू न देणारा फ्लेक्स त्या गल्लीत राहणाऱ्यांच्या डोळ्यांत खुपतो, आणि तीच माणसं तुमची गिऱ्हाइकं आहेत. शिवाय परवानगीशिवाय असे फलक लावणं १९९५ च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर दहा नेत्यांचे फोटो आणि कोपऱ्यात दुकानाचं नाव, हा प्रकार तर मला कधीच कळलेला नाही. पैसे तुमचे आणि जाहिरात त्यांची!

गोव्यात पाववाला पदेर सायकलला टोपली बांधून सकाळी येतो, संध्याकाळी पुन्हा येतो, आणि रबरी भोंगा वाजवतो. पों-पों ऐकलं की लोक पिशवी घेऊन दारात. त्याच्यापाशी कागदाचा चिटोरा नसतो, पण त्याची वेळ सगळ्या वाड्याला पाठ असते. पुण्यात चितळे बंधूंचं दुकान दुपारी १ ते ४ बंद असायचं, त्यावर अख्ख्या महाराष्ट्राने विनोद केले, आणि २०१७ मध्ये ते दुपारी उघडं राहू लागलं तर त्याचीही बातमी झाली. तुम्ही दुपारी बंद ठेवा असं मी म्हणत नाही. ती चैन बाकरवडीला परवडते. पण बंद म्हणजे बंद आणि उघडं म्हणजे उघडं, हे जसं त्या दुकानाबद्दल सगळ्यांना ठाऊक होतं, तसं तुमच्याबद्दल तुमच्या गल्लीला ठाऊक असू द्या. गावाला जायचं झालं तर शटरवर नुसतं 'दुकान बंद आहे' लिहू नका, ते कुलूप बघून कळतंच. परत कधी उघडणार ते लिहा, आणि तोवर अडलं तर कुणाकडे जायचं तेही लिहा.

जुन्या गिऱ्हाइकांना आपण फार गृहीत धरतो. शिंप्याकडे मापांची वही असते. त्या वहीतली निम्मी माणसं वर्षभरात फिरकलेली नसतात आणि शिंपी मात्र नव्या माणसांच्या शोधात असतो. दिवाळीच्या महिनाभर आधी, गर्दी व्हायच्या आत, रोज दहा जणांना फोन करा. 'काका, माप आहे माझ्याकडे, कापड तेवढं पाठवा. पोट वाढलं असेल तर पाच मिनिटं येऊन जा.' एवढं हसून बोललात की निदान दोघे तरी येतात. दुरुस्तीची कामं करणाऱ्यांनी वस्तूवरच छोटं स्टिकर लावावं: नाव, नंबर, तारीख, काय बदललं. पाण्याच्या मोटरवर, मिक्सरच्या बुडाला, गिझरच्या कडेला. सोसायटीच्या टाकीवर ती धुतल्याची तारीख रंगवतात, तसंच हे. मोटर पुन्हा बंद पडेल तेव्हा माणूस हातात टॉर्च घेऊन तिच्यासमोरच उकिडवा बसलेला असेल, आणि तुमचा नंबर त्याच्या डोळ्यांसमोर असेल. तारीख खरी टाका. गेल्याच महिन्यात बदललेला कपॅसिटर पुन्हा गेला, तर ते स्टिकर तुमच्याविरुद्धही बोलेल. त्या वेळी पैसे न घेता बदलून द्या. ही गोष्ट तो माणूस चार जणांना सांगतो.

आता शेजाऱ्यांचं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांच्या लिज्जतचा पहिला माल गेला तो भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे. जाहिरातीतला रामदास पाध्यांचा बाहुला-ससा टीव्हीवर आला तो फार पुढे. तुमच्याही ओळखीचा एक दुकानदार असेलच, ज्याच्या गल्ल्याशेजारी तुमची दहा पाकिटं राहतील. त्याला मोकळेपणाने विचारा. नाही म्हणाला तर राग धरू नका, त्याचीही जागा तोकडीच असते.

आणि हे एकतर्फी ठेवू नका. कापडवाल्याने शिंप्याचं नाव सांगावं, शिंप्याने बटणं-लेसवाल्याचं, त्याने इस्त्रीवाल्याचं. यात कमिशन घेऊ नका, देऊही नका, असं माझं ठाम मत आहे. कमिशन आलं की माणूस चांगल्याचं नाव सोडून जास्त देणाऱ्याचं नाव घ्यायला लागतो, आणि गिऱ्हाइकाला ते दुसऱ्या खेपेलाच कळतं. ज्याच्या कामाची खात्री नाही त्याचं नाव भिडेखातर सांगू नका. त्याने काम बिघडवलं तर शिव्या तुमच्याही वाट्याला येतात.

एक काम मात्र माझ्याकडे छापायला खुशाल आणा, आणि भरपूर प्रती काढा. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून एकच कागद करायचा. दूध कुठे, पाव किती वाजता येतो, गिरणी, लाँड्री, प्लंबर, वायरमन, चष्म्याची काडी बसवून देणारा, पोळी-भाकरी, डबा, रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान. प्रत्येकाची वेळ, सुट्टीचा वार आणि नंबर. खर्च वाटून घ्यायचा. ज्याला वाटा परवडत नाही त्याचंही नाव घालायचं, कारण नारळवाल्या आजीचं नाव नसलेल्या यादीवर गल्लीचा विश्वास कसा बसेल? दोन प्लंबर असतील तर दोघांचीही नावं घाला. त्यातला एक बहुधा गावाला गेलेलाच असतो. नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूला सामान उतरवतानाच हा कागद हवा असतो. तो स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटतो आणि घर सोडेपर्यंत तिथेच राहतो. दर वर्षी एकदा नंबर तपासून नवा काढायचा. तो फिरवायला कुणी तयार नसेल तर वाचनालयाच्या किंवा मंडळाच्या पोरांना सांगा, वडापावावर करतील.

मंडळावरून आठवलं. गणपतीत कमानीवर नाव झळकवायला तुमच्याकडे पैसे नसतील तर वाईट वाटून घेऊ नका. मांडवाची वायरिंग तपासून देणारा वायरमन, चित्रकलेच्या स्पर्धेला रंगपेट्या देणारा स्टेशनरीवाला लोकांच्या जास्त लक्षात राहतो. पुण्यात पालख्या मुक्कामाला येतात तेव्हा रस्त्याच्या कडेला कुणी वारकऱ्यांच्या चपला शिवून देतं, कुणी दाढी करून देतं. हे पुण्य म्हणून करायचं की धंदा म्हणून, हे ज्याचं त्याने ठरवावं. मात्र चार चपला शिवायच्या आणि वर दहा फुटी बॅनर लावायचं, असं असेल तर दोन्हीही पदरात पडत नाही.

फराळाचा धंदा करणाऱ्यांसाठी शेवटचं. नवरात्र उठलं की ऑर्डरी यायला लागतात, आणि हावरेपणाने सगळ्यांना हो म्हटलं की धनत्रयोदशीला घरात रडारड होते. अनारशाचे तांदूळच तीन दिवस भिजत घालावे लागतात, पुढे त्या पिठाला मुरायला वेळ हवा तो वेगळाच. म्हणून कोणत्या पदार्थाची ऑर्डर कोणत्या तारखेपर्यंत घेणार ते आधीच ठरवा, फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि त्यानंतर आलेल्याला स्पष्ट नाही म्हणा. नाही म्हणताना त्याला रिकाम्या हाताने पाठवू नका. 'पुढच्या गल्लीतल्या काकू अजून चकल्या घेताहेत, माझं नाव सांगा' म्हणायचं आणि काकूंचं कार्ड हातात द्यायचं. त्यासाठी काकूंची पाच-पन्नास कार्डं आपल्या खणात आत्ताच आणून ठेवा, आणि आपली त्यांच्याकडे देऊन या.